जावईबापूंनी निवडलेला जबडा

मामांचा नेम कधी चुकला नाही आणि मामांची गोष्ट कधी खरी निघाली नाही, यावर नेमबाजी क्लबात दुमत नव्हतं. धुक्याच्या एका सकाळी मामांनी झाडलेली गोळी म्हणे धुक्याला आरपार भोक पाडून गेली. धुकं इतकं घट्ट, की ते भोक दुसऱ्या दिवशीही जागच्या जागी होतं. मामांनी त्यालाच डोळा लावून उरलेल्या गोळ्या मारल्या. वाऱ्याची गोष्ट त्याच्याही वरची. वारा समोरून असा सुटला, की गोळी अर्ध्या वाटेत थबकली आणि वळून मामांकडे बघायला लागली. मामा म्हणाले, "जा, जा, मी आहे ना." मग गेली. ऐकणारे पोट धरून हसत, मामांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. थाप आणि गोळी, दोन्ही सोडताना श्वास रोखायचा असतो, असं त्यांचं म्हणणं.

हे मामा म्हणजे फोटोग्राफरचे सासरे. तो त्यांना मामा म्हणे, म्हणून पुढे सगळा क्लब म्हणायला लागला. घर एकच. खाली जावयाचा स्टुडिओ, मधल्या मजल्यावर जावई आणि लेक, सगळ्यात वर सासू-सासरे. मामा सकाळी जिन्याने उतरायला लागले, की शेवटच्या पायरीपर्यंत एक गोष्ट संपलेली असे आणि दुसरी दारात उभी असे. स्टुडिओत फोटो काढायला आलेली माणसं त्या ऐकून अशी हसत, की जावयाला कधी कुणाला 'जरा हसा' असं सांगावंच लागलं नाही.

मग मामांचे गुडघे संपावर गेले. तोवर ते जमिनीवर पालथे झोपून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून मारायचे. खाली झोपायला त्यांना कुणाची मदत लागत नसे, उठायला मात्र दोन माणसं आणि एक शिवी लागे. पुढेपुढे शिव्या वाढल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की आता झोपायचं ते पलंगावरच.

"मग उभ्याने मारीन," मामा म्हणाले. "ट्रायपॉडवरून. आणि ट्रायपॉडचा माणूस तर घरातच आहे. काय जावईबापू?"

जावईबापू फुलून आले. या घरात आजवर त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलंच, तर दिवा बंद केलात का, एवढंच.

ट्रायपॉडचे पाय निवडणं सोपं होतं, घोडं अडलं डोक्यापाशी. रायफल ट्रायपॉडवर धरून ठेवणारं जे माउंट असतं, ते दोन प्रकारचं. एकात धातूची पट्टी रायफलच्या लाकडी बुडाला, म्हणजे नळी ज्यात बसते त्या लाकडाला, खालून स्क्रूने कायमची बसवायची आणि ती खाचेत सरकवून आवळायची. दुसऱ्यात आतून रबर लावलेला जबडा असतो. त्यात रायफल ठेवायची, कळ फिरवायची, की दोन्ही बाजूंनी गच्च धरली जाते. क्लबात बंदुका दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता, स्वभावाने कानशीसारखा. त्याने बघताक्षणी सांगितलं, "पट्टी."

"पट्टीसाठी लाकडाला भोकं पाडावी लागतील," जावई म्हणाला.

"लागतील. दोन."

मामांनी लाकडावरून हात फिरवला. ते लाकूड साधं नव्हतं. तरुणपणी मामांना मनासारखा अक्रोड कुठे मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पलंगाच्या उशाकडची फळी काढली आणि तिच्यातून रायफलचं बूड कोरलं. सासूबाई तेव्हा चार दिवस माहेरी गेल्या होत्या. "परत आले तर उसं गायब," त्या अजून सांगत. "तेव्हापासून माझी मान दुखते. बायका नवऱ्याला डोक्यावर घेतात, यांनी माझं डोकंच भिंतीवर टेकवलं." पण त्या लाकडाला तेलाचं बोट लावायचं काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

"भोकं कशाला?" जावई म्हणाला. "जबडा घेऊ. मी आयुष्यभर याच्यापेक्षा जड लेन्स तोलल्यात."

"कॅमेरा लाथ मारत नाही," मिस्त्री म्हणाला.

"आणि रायफल पोज देत नाही. असू द्या हो."

मिस्त्रीने खांदे उडवले. "घ्या जबडा. पण तो लाकडाला चावला पाहिजे. नळीला दात लागता कामा नये."

यातलं जावयाला कळलं नाही असं नाही, सगळं कळलं होतं. रायफलची लोखंडी नळी लाकडात नुसती पहुडलेली असते, टेकलेली नसते. मध्ये केसाएवढी फट. गोळी सुटताना नळी सतारीच्या तारेसारखी थरथरते, आणि तारेला बोट लागलं की सूर बदलतो, तसा नळीला कशाचा स्पर्श झाला की नेम बदलतो. म्हणून मामा पहिली गोळी मारण्याआधी खिशातून एक पातळ कागद काढत आणि नळी नि लाकूड यांच्यामधून पुढून मागे ओढत. कागद अडला नाही, की खिशात. क्लबात या कागदालाही मामांच्या गोष्टींइतकीच कीर्ती होती.

स्पर्धेच्या दिवशी जावयाने सगळं स्वतः मांडलं. ट्रायपॉडचे पाय रोवले, डोकं सपाटीत आणलं, जबड्यात रायफल ठेवली. तर तिचं तोंड खाली झुकायला लागलं. लांब नळी, वर भारी दुर्बीण. अशा वेळी फोटोग्राफर काय करतो? लेन्स जड असली तर कॅमेऱ्याला न धरता लेन्सच्या पोटाला धरतो, म्हणजे तोल मधोमध येतो. त्याने रायफल जबड्यात मागे सरकवली. जबडा पुढे आला, लाकूड जिथे निमुळतं होतं तिथे, आणि रायफल अशी तोलली गेली की फुंकर मारली तरी वळावी. जावयाने दोन पावलं मागे होऊन आपल्याच कामाकडे बघितलं. लग्नात हार घातल्यावर लोक बघतात तसं.

"वा!" मामा म्हणाले. "जावईबापू, ही तर हवेत उभी आहे." आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. "एकदा कागद फिरवून घेऊ."

"मामा, मी बघितलंय सगळं," जावई म्हणाला. "लोक थांबलेत. करा सुरू."

त्याने बघितलेलं नव्हतं. खोटं बोलायचंही मनात नव्हतं. तोल इतका सुरेख जमला होता, की कागद अडेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मामांचा हात खिशातून रिकामा बाहेर आला. उभं आयुष्य थापा मारण्यात घालवलेल्या माणसाने दुसऱ्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवला, तो असा.

पहिली गोळी मधोमध. दुसरी किंचित वर. तिसरी तिच्या वर, जराशी उजवीकडे. मामांनी नेम खाली धरला, तरी पुढची आणखी वर. श्वास बदलून बघितला, खांदा सैल सोडून बघितला. गोळ्या आपल्या जिना चढल्यासारख्या चढत गेल्या. मागे जावई फोटो काढत होता, आणि त्याच्या मागे मिस्त्री तोंड फिरवून बिडी ओढत उभा होता, कारण त्याचं ऐकलं नाही म्हणून तो रुसला होता.

निशाणाचा कागद हातात आला तेव्हा मामांनी तो कुणाला दाखवला नाही. चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. सगळे वाट बघत होते, आता वाऱ्यावर, सूर्यावर नाहीतर एखाद्या शिंकलेल्या चिमणीवर खापर फुटणार. मामा म्हणाले, "हात गेला माझा," आणि घरी निघाले.

घरात त्यानंतर जी शांतता पसरली, ती कपाटं उघडली तरी ऐकू यायला लागली. मामा जिन्याने उतरत ते गप्प उतरत. स्टुडिओत माणसं ताठ बसायला लागली. जावयाला पहिल्यांदाच म्हणावं लागलं, "जरा हसा." आणि मामा उतरताना आणि चढताना कठड्याला हात लावायला लागले. आधी बोटं टेकायची, मग मूठ वळायला लागली.

"अहो, काहीतरी सांगा ना," सासूबाई जेवताना म्हणाल्या.

"काय सांगू?"

"काहीही. खोटं सांगा. इतकी वर्षं लाज वाटली नाही, आता कसली वाटते?"

मामांनी भाजी वाढून घेतली. "मीठ बरोबर आहे," ते म्हणाले. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मीठ खरोखरच बरोबर होतं, आणि नवऱ्याच्या तोंडून निघालेलं इतकं कोरडं सत्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

जावयालाही वाटलं होतं, की वय झालं, दुसरं काय. वाईट वाटत होतं, पण अजून त्याला काही टोचत नव्हतं. मग क्लबाने ठरवलं, की मामांची रायफल आता क्लबाच्या भिंतीवर सन्मानाने लावायची आणि शेजारी मामांचा मोठा फोटो. फोटो अर्थातच जावयाने द्यायचा.

त्याने स्पर्धेच्या दिवसाचा फोटो शोधून काढला आणि संगणकाच्या पडद्यावर मोठा केला. मामांचा गाल लाकडाला टेकलेला, डोळा दुर्बिणीला. सुरेख. रायफल कशी आली आहे बघावी म्हणून फोटो खाली सरकवला. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ होती. पुढून ती सरळ येत होती, आणि जबड्यापाशी येऊन विझत होती. रबराचा एक ओठ लाकडाच्या काठावरून वर चढून नळीला चिकटला होता. त्याने आणखी मोठं केलं. आणखी. सबंध पडदाभर तो काळा ओठ झाला. त्याच्याकडे बघून दात काढणारा.

जिन्यावर मामांची पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, मग दुसरी. जावयाने घाईघाईने फोटो लहान केला.

तेव्हाच सांगायचं होतं. दार उघडून, मामा, हे बघा, एवढंच म्हणायचं होतं. पण तो आधी स्वतःशीच म्हणाला, की आत्ता गिऱ्हाईक आहे. मग म्हणाला, मामांचं जेवण होऊ दे. मग म्हणाला, आता मन शांत झालंय त्यांचं, जुनी खपली कशाला काढायची? दुसऱ्याच्या खपलीची काळजी करणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःचं कातडं सांभाळत असतो. सगळ्या क्लबासमोर आपण मिस्त्रीला हसलो होतो आणि मामांना 'मी बघितलंय' म्हणालो होतो, हे त्याला विसरता येत नव्हतं. दिवस गेले, आठवडे गेले. शेवटी क्लबाचं बोलावणं आलं, तेव्हा त्याने फोटो छातीपाशी कापला. मामांचा चेहरा ठेवला, खालचं सगळं उडवलं.

सासूबाईंनी चौकट हातात घेऊन लांब धरली. "आणि बंदूक?"

"चेहरा चांगला आलाय म्हणून—"

"चेहरा मी रोज बघते. नेमबाजाच्या फोटोत बंदूक नाही, म्हणजे नवरदेवाशिवाय लग्नाचा फोटो. कुठे गेली ती?"

"बसत नव्हती चौकटीत."

"माझं उसं आहे ते," सासूबाई हळूच म्हणाल्या. "निदान तेवढं तरी दिसू द्यायचं." त्यांनी चौकट त्याच्या हातात परत दिली. त्या रात्री जावई उशी काढून झोपला. का, ते बायकोला कळलं नाही. सकाळी त्याची मान आखडली होती, आणि त्याला ते योग्यच वाटलं.

भिंतीवर लावायची रायफल चालती ठेवता येत नाही, असा नियम होता. तिच्या नळीत शिसं ओतून ती कायमची बंद करायची. ते काम मिस्त्रीकडे. ठरलेल्या सकाळी मामा रायफल चादरीत गुंडाळून घेऊन निघाले. जावई बरोबर गेला. कापलेल्या फोटोची चौकट एका काखेत होती, आणि का कुणास ठाऊक, न कापलेला फोटो त्याने कोटाच्या आत ठेवला होता.

मिस्त्रीच्या खोलीत भट्टीवर पळी होती आणि पळीत शिसं मऊ व्हायला लागलं होतं. मामांनी रायफल टेबलावर ठेवली आणि खुर्चीवर बसले, दवाखान्यात दुसऱ्याला घेऊन आलेला माणूस बसतो तसे.

"शिसं चांगलं आहे का?" जावयाने विचारलं.

"शिशात काय चांगलं-वाईट?" मिस्त्री म्हणाला.

"नाही, म्हणजे अजून नीट वितळलं नाही वाटतं."

"वितळेल."

"पळी लहान नाही का?"

मिस्त्रीने मामांकडे बघितलं. "जावयाला बाहेर बसवू का?"

शिसं आरशासारखं चकाकायला लागलं. मिस्त्रीने रायफल शिकंज्यात उभी केली, नळीचं तोंड वर. पळी उचलली. पळी तिरकी झाली आणि जावयाच्या तोंडून जो आवाज निघाला तो शब्द नव्हता. मिस्त्री दचकला, शिशाचा एक थेंब जमिनीवर पडून गोल झाला.

"हात गेला नाही मामा," जावई म्हणाला. "तुमचा हात गेला नाही. माझा जबडा नळीला लागला होता. मी बघितलं म्हणालो, पण नव्हतं बघितलं."

मामांनी त्याच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दया आली. त्या दयेने जावई अर्धा झाला.

"जावईबापू," मामा म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे. पण थापा मारणं माझं काम. तुम्हाला नाही जमत. डोळे बघा कसे पाणावलेत, अशाने कोण विश्वास ठेवील? मिस्त्री, ओता."

"मामा, देवाशपथ!"

"मी दर गोष्टीत घेतो ती शपथ."

जावयाने कोटातून फोटो काढला आणि टेबलावर पसरला. मिस्त्रीने पळी भट्टीवर परत ठेवली, चष्मा चढवला आणि त्या काळ्या ओठावर बोट ठेवलं. "निशाणाचा कागद आहे का?" त्याने विचारलं.

मामांनी आतल्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. रोज जवळ बाळगून घड्या फाटायला आल्या होत्या. मिस्त्रीने तो उलगडला. गोळ्यांचा जिना वर वर गेलेला.

"थरथरत्या हाताच्या गोळ्या पाखरांसारख्या चहूकडे उडतात," मिस्त्री म्हणाला. "या रांगेत चढल्यात. नळी तापत गेली तशी रबरावर रेटत गेली. तेव्हाच दाखवला असता, तर तेव्हाच सांगितलं असतं." मग त्याने खाली बघितलं. "आणि मी रुसलो नसतो, तर दाखवायचीही वेळ आली नसती."

मामा उठले. लाकडावरून हात फिरवला. "भोकं पाड," ते म्हणाले.

मिस्त्रीने दोन भोकं पाडली. अक्रोडाचा भुसा टेबलावर पडला, तो मामांनी वेचून रुमालात बांधला. पट्टी बसली, ट्रायपॉडच्या खाचेत सरकली, आवळली गेली. मैदानावर या वेळी मामांनी खिशातून कागद काढला आणि जावयाच्या हातात दिला. जावयाने तो नळीखालून ओढला. न अडता, पाण्यातून ओढावा तसा कागद पार मागे आला. हे काम इतकं सोपं आणि इतकं थोडक्या वेळाचं होतं, की त्याला रडू फुटायचं बाकी राहिलं.

मामांनी मारल्या त्या सगळ्या गोळ्या चहाच्या बशीखाली झाकल्या गेल्या असत्या.

मिस्त्री टोपी हवेत उडवून नाचला. मामांनी गाल लाकडावरून उचलला नाही. तसेच, दुर्बिणीतून बघत, म्हणाले, "फोटो कधी मोठा केला होतात?"

आता पुन्हा एक खोटं बोलता आलं असतं. काल, म्हटलं की झालं. "बरेच आठवडे झाले, मामा."

"हं."

वारा नव्हता. गोळी थबकून मागे बघेल असं काहीही नव्हतं.

"त्या आठवड्यांत मी कठडा धरायला शिकलो," मामा म्हणाले. "गुडघ्यांसाठी नाही. गुडघे आधीही दुखत होते. म्हाताऱ्याने धरायचा असतो म्हणून धरला."

  मामांनी रायफल चादरीत गुंडाळली, आणि दोघं घरी आले. दारात सासूबाईंनी चादर चाचपून बघितली, आत रायफल आहे हे कळलं, आणि त्या आत जाऊन तेलाची बाटली घेऊन आल्या. दोन भोकं दिसल्यावर म्हणाल्या, "आता माझ्या उशात ढेकणांना घरं झाली." पण तेल लावताना बोट भोकांभोवती दोनदा जास्त फिरलं.

गोष्टी परत सुरू झाल्या, आणि आता त्या सगळ्या जावईबापूंच्या जबड्याच्या होत्या. पहिल्या रविवारी जबड्याने नळीला नुसता चावा घेतला होता. पुढच्या रविवारी त्याने नळीचा एक तुकडा चावून गिळला. मग त्याला दातांच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं. डॉक्टरने 'आ करा' म्हटलं, तर जबड्याने आधी डॉक्टरचा चष्मा खाल्ला, आणि मग त्याला लांबचं इतकं स्वच्छ दिसायला लागलं की तो स्वतःच नेम धरायला लागला. स्टुडिओत माणसं खुर्चीवरून घरंगळत. जावई कॅमेऱ्यामागे उभा राहून हसे. हसणं भाग होतं.

पण प्रत्येक वेळी गोष्ट एका जागी येई. मामा थांबत, पाण्याचा घोट घेत, जावयाकडे एकदा बघत, आणि चेहऱ्यावरची रेष हलू न देता म्हणत, "आणि जावईबापूंना हे कळलं मात्र, ते लगेच धावत माझ्याकडे आले."

त्या अख्ख्या गोष्टीत चष्मा खाणारा जबडा जावयाला पचे. 'लगेच' पचत नसे. मामा हे त्याला वाचवायला म्हणतात की मारायला, हे त्याला कधी ठरवता आलं नाही, आणि विचारायची त्याची छाती नव्हती.

एकदा मात्र क्लबात, सगळ्यांसमोर, त्याच्या तोंडून निघून गेलं. "लगेच नाही."

सगळे वळून बघायला लागले. मामांचा पेला तोंडाशी थांबला.

"लगेच नाही आलो," जावई म्हणाला. "मी आठवडेच्या आठवडे गप्प बसलो. आणि फोटोतली रायफल कापून टाकली."

अशी हशाची लाट उठली की खिडक्या वाजल्या. "अहो, तुम्हीही सासऱ्यांवर गेलात की!" कुणीतरी ओरडलं. "पण यांना थाप मारता येत नाही हो, चेहरा बघा केवढासा झालाय!" मिस्त्री तेवढा हसला नाही.

मामांनी पेला खाली ठेवला. "जावईबापू," ते म्हणाले, "गोष्ट माझी आहे. मध्ये बोलू नका." आणि पुढे सांगायला लागले. पण त्या दिवशी ते 'लगेच' म्हणाले नाहीत. तो शब्द गाळून, त्या जागेवरून नुसते पुढे गेले, आणि ती रिकामी जागा एकट्या जावयालाच ऐकू आली.

घरी आल्यावर मामा जिना चढायला लागले. जावई मागून. मामांचा हात कठड्यावर होता. तो तिथून काही हलला नाही. सवय झाली होती. मधल्या मजल्यावर जावयाचं दार आलं, पण तो आत गेला नाही. मामांच्या मागे एक पायरी अंतर ठेवून, ते थांबतील तिथे थांबत, तो वरपर्यंत चढत गेला.